पिकरिंगची १०८ मिनिटं आणि सोळा किलोमीटरबाहेरची गावं

खानापूर, जोयडा, हल्याळ या पट्ट्यात कैगाचा, म्हणजे कर्नाटकातल्या कारवार जिल्ह्यातल्या अणुवीज केंद्राचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "काही झालंच, तर आमच्यापर्यंत येईल का?" माहीतगार माणूस त्यावर एकच आकडा सांगतो, १६ किलोमीटर: आणीबाणीच्या आराखड्यासाठी केंद्राभोवती आखलेली रेघ. खानापूर कैगापासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या पुढे आहे, बेळगाव १०० च्या पुढे. म्हणजे आपण बाहेर. विषय तिथेच मिटतो.

तो तसा मिटू नये असं मला मनापासून वाटतं. किरणोत्सर्गासाठी आखलेली रेघ बातमीला लागू होत नाही. मोबाइलवर आलेला निरोप, त्याच्यामागून धावणारी अफवा आणि घाट चढून येणारी माणसं, यांतलं काहीच सोळाव्या किलोमीटरला थांबत नाही. रेघेबाहेरच्या माणसाला वेळेवर आणि त्याला कळेल अशा भाषेत "तुम्ही घरीच थांबा" हे सांगणं, हाही इशाराव्यवस्थेचाच भाग आहे. आपल्या सीमाभागासाठी त्या भागाचा विचार झालेला दिसत नाही.

हे मांडायला मी अपघाताचं प्रकरण घेतलेलं नाही. ज्या दिवशी अणुभट्टीत काहीही बिघडलं नव्हतं, अशा एका सकाळचं घेतलं आहे.

रविवार, १२ जानेवारी २०२०

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, टोरांटो शहराला जवळजवळ लागून, सरोवराच्या काठी पिकरिंग अणुवीज केंद्र आहे. त्या दिवशी सकाळी ७ वाजून २३ मिनिटांनी प्रांतभरातले मोबाइल एकदम कर्कश वाजले. टीव्ही आणि रेडिओवरही तोच निरोप आला. त्याचा आशय असा: पिकरिंग केंद्रात घटना घडल्याची नोंद आहे, किरणोत्सर्गाची असाधारण गळती झालेली नाही, आपत्कालीन कर्मचारी कामाला लागले आहेत, केंद्राजवळच्या लोकांनी सध्या कोणतीही खबरदारी घेण्याची गरज नाही. निरोप केंद्रापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी आहे, असंही त्यात लिहिलं होतं. पोचला मात्र तो सबंध प्रांतात, १ कोटी ४० लाखांहून जास्त वस्तीत. केंद्रापासून हजार किलोमीटरवर झोपलेली माणसंही त्याने उठली.

कारण साधं होतं. प्रांताच्या आपत्कालीन कक्षात पाळी बदलताना यंत्रणेची रोज चाचणी होते. ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याला वाटलं आपण सरावाच्या प्रणालीत आहोत. प्रत्यक्षात तो खऱ्या प्रणालीत होता. सरावासाठी तयार ठेवलेला मजकूर खरा म्हणून निघून गेला.

चूक झाल्याचं कक्षात लगेच लक्षात आलं. पुढे काय करायचं, हे मात्र कोणालाच नक्की माहीत नव्हतं. दुसरा इशारा पाठवून पहिला रद्द करायचा का? त्याने लोक आणखी घाबरतील का? परवानगी कोणाची? मजकूर काय? केंद्र चालवणाऱ्या कंपनीने आठ वाजून गेल्यावर समाजमाध्यमावर कळवलं की इशारा चुकून गेला. मोबाइलवर अधिकृत दुरुस्ती पोचली ती ९ वाजून ११ मिनिटांनी. पहिल्या निरोपापासून १०८ मिनिटांनी.

त्या रविवारी आणि सोमवारी मिळून ओंटारिओत आयोडीनच्या (थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवणाऱ्या) गोळ्यांसाठी ३२,००० हून जास्त मागण्या नोंदल्या गेल्या. एरवी महिन्याला १०० ते २०० येतात.

या प्रकरणाच्या चौकशीत प्रशिक्षणाचा अभाव, ठरलेल्या कार्यपद्धतीचा अभाव, आपसातला संवाद असे मुद्दे निघाले, आणि ते रास्तच आहेत. माझ्या मते चुकीचं बटण दाबलं जाणं ही यातली मोठी गोष्ट नव्हे. दमलेल्या माणसाच्या हातून ते कुठेही होऊ शकतं. अमेरिकेच्या हवाई बेटांवर जेमतेम दोन वर्षांपूर्वी, १३ जानेवारी २०१८ ला, सरावातूनच क्षेपणास्त्रहल्ल्याचा खोटा इशारा गेला होता आणि तो मागे घ्यायला ३८ मिनिटं लागली होती. पिकरिंगमध्ये रद्दचा निरोप आधीच लिहून ठेवलेला असता आणि तो पाठवण्याचा अधिकार ड्यूटीवरच्या माणसाला असता, तर हे पाच-दहा मिनिटांचं प्रकरण होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. निरोपात चक्क लिहिलं होतं की काही करायची गरज नाही. तरी हजारो लोक गोळ्यांच्या मागे लागले. कारण त्या वाक्याला आधार नव्हता. पुढचा निरोप कधी येईल ते सांगितलेलं नव्हतं. दूरच्या माणसाला उद्देशून त्यात एकही ओळ नव्हती. १० किलोमीटरच्या आतल्यांसाठी लिहिलेला मजकूर त्याच्या हातात पडला आणि त्याचा अर्थ त्याने आपल्या भीतीप्रमाणे लावला.

कैगाची चौकट

पिकरिंग आणि कैगा यांचं तंत्र एकाच घराण्यातलं: नैसर्गिक युरेनियमचं इंधन आणि जड पाणी. कॅनडाच्या मदतीने राजस्थानात सुरू झालेली ही वाट पुढे भारतीय अभियंत्यांनी स्वतः वाढवली. कैगात २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत. पहिल्या दोन २००० साली व्यापारी उत्पादनात आल्या, चौथी २०११ मध्ये. ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्यांना २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. केंद्र नीट चालत नाही असा माझा आक्षेप नाही. पहिली भट्टी सलग ९६२ दिवस चालून ३१ डिसेंबर २०१८ ला थांबली, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. चांगलं चालणाऱ्या केंद्राभोवतीही इशाऱ्याची व्यवस्था चोख हवी, एवढंच म्हणणं आहे.

आपल्या देशात अणुकेंद्रातल्या आणीबाणीच्या तीन पायऱ्या मानतात: भट्टीपुरती, केंद्राच्या आवारापुरती आणि आवाराबाहेरची. पहिल्या दोन केंद्राच्या अखत्यारीत येतात. तिसरी, म्हणजे ऑफसाइट, जाहीर झाली की सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. कैगाच्या बाबतीत उत्तर कन्नडच्या, आपल्या बोलण्यातल्या कारवार जिल्ह्याच्या डीसींकडे. १६ किलोमीटरचा परिसर २२.५ अंशांच्या १६ फाकांत विभागलेला असतो. वारा कुठल्या फाकेवरून वाहतोय ते पाहून तिथल्या लोकांना घरात थांबवायचं, आयोडीनच्या गोळ्या द्यायच्या की हलवायचं, हे ठरतं. या सगळ्याचा ऑफसाइट सराव दर दोन वर्षांनी घ्यायचा असतो.

या चौकटीत बेळगाव जिल्हा नाही. १६ किलोमीटरच्या आत आहेत ती कारवार तालुक्यातली गावं आणि शेजारच्या तालुक्यांतल्या डोंगरातल्या वस्त्या. पण कारवार-कद्राकडून अणशी घाट चढून, जोयड्यावरून रामनगर, लोंढा, खानापूर आणि पुढे बेळगाव, हा वर यायचा एक रस्ता आहे. पावसाळ्यात अणशीच्या घाटात दरडी येतात तेव्हा तोही भरवशाचा राहत नाही. माणसं हलवायची वेळ आलीच तर त्यांतली काही याच रस्त्याने आपल्याकडे येतील. त्याच वेळी घाबरून खानापूरची माणसं गाड्या काढून रस्त्यावर आली, तर ज्यांना खरोखर निघायचं आहे त्यांच्या बस लोंढ्याच्या अलीकडेच अडकतील.

नोव्हेंबर २००९ मध्ये कैगात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियमयुक्त (ट्रिशियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन) जड पाणी मिसळल्याचं उघड झालं आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेल्याचं आढळलं. आवाराबाहेर काहीही आलेलं नव्हतं. पण "बाहेर काही नाही" ही गोष्टसुद्धा कोणीतरी अधिकाराने, लगेच आणि गावागावात सांगावी लागते. ती वाहिन्यांवर सोडली की लोक आपापला अर्थ काढतात.

१२ ऑक्टोबर २०२३, खानापूर बसस्टँड

दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी २०२३ मध्ये देशभर टप्प्याटप्प्याने सेल ब्रॉडकास्टची, म्हणजे टॉवरवरून सगळ्या मोबाइलना एकदम जाणाऱ्या इशाऱ्याची, चाचणी घेतली. कर्नाटकाची पाळी १२ ऑक्टोबरला आली. त्या दिवशी दुपारच्या आधी मी खानापूरच्या स्टँडवर लोंढ्याची गाडी धरायला थांबलो होतो.

आधी एका कॉलेजच्या पोराचा फोन वाजला, पाठोपाठ दहा-पंधरा जणांचे. रिंगटोनसारखा नव्हे, लांबलचक, छातीत धडकी भरवणारा आवाज. कंट्रोलरच्या खोलीतूनही तोच. पेरूची पाटी घेऊन बसलेल्या बाईने फोन पदराखाली दाबून धरला. तिला वाटलं फोन फुटतोय. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी आपला फोन सरळ बंद करून टाकला. "बँकेतले पैसे काढतात असं करून," ते म्हणाले. पश्चिमेकडच्या कुठल्याशा गावची एक आजी नातवाचा फोन हातात धरून प्रत्येकाला विचारत होती, "बाळा, काय म्हणतंय रे ते?" पडद्यावर इंग्रजी आणि कन्नड होतं. शेवटी त्या कॉलेजच्या पोराने वाचलं आणि मोठ्याने मराठीत सांगितलं, "मावशी, चाचणी आहे. सरकारने मुद्दाम पाठवलंय. काही करायचं नाही." स्टँडवरचा ताण उतरला तो त्या वाक्याने. तोवर दोन-तीन मिनिटं सगळे एकमेकांची तोंडं बघत होते.

यातलं काय यंत्राचं आणि काय माणसांचं, हे वेगळं करून बघायला हवं. यंत्राने आपलं काम चोख केलं. सेल ब्रॉडकास्टला कोणाचा नंबर लागत नाही. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी निरोप सोडतो, त्यामुळे लाइनी तुंबल्या तरी तो अडत नाही. कोल्हापूरचं सिम असो वा गोव्याचं, खानापूरच्या टॉवरखाली असाल तर खानापूरचा इशारा मिळणार. उलट चंदगडच्या किंवा चोर्ल्याच्या बाजूला जिथे पलीकडच्या राज्याचा टॉवर लागतो, तिथे कर्नाटकात बसलेल्या माणसाला त्या राज्यासाठी सोडलेला इशारा मिळू शकतो आणि स्वतःच्या जिल्ह्याचा चुकू शकतो. हद्दीवरच्या गावांसाठी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी तोच मजकूर सुटला पाहिजे, आणि ते आधी बोलून ठरवल्याशिवाय होणार नाही.

भाषेचंही तसंच. याच यंत्रणेने २० जुलै २०२३ ला महाराष्ट्रात चाचणीचा निरोप इंग्रजीपाठोपाठ मराठीतही दिला होता. म्हणजे मराठी अक्षरं पाठवण्यात तांत्रिक अडचण काहीच नाही. कुठल्या टॉवरांवरून कुठल्या भाषा सोडायच्या, हे पाठवणारा ठरवतो. खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळा गावोगाव आहेत; हल्याळ-जोयड्याच्या रानात गवळी-धनगरांचे वाडे आहेत, कुणबी वस्त्या आहेत. कन्नडसोबत मराठी आणि कोकणी जोडण्यात कोणाचं काही कमी होत नाही. आणीबाणीत कॉलेजचा पोर शेजारी असेलच याची खात्री नाही.

पिकरिंग खानापुरात घडलं तर

समजा, पिकरिंगसारखाच एक निरोप चुकून कैगाबद्दल सुटला आणि बेळगावपर्यंत वाजला. कारवार-गोव्याकडे कामाला असलेल्या पोरांना घरून फोन सुरू होतील. पेट्रोल पंपावर रांगा लागतील. मेडिकल दुकानात आयोडीनची विचारणा होईल आणि ते तिथे नसेल. मग कोणीतरी सांगेल, जखमेला लावायचं आयोडीन दोन थेंब पाण्यातून घ्या. दुसरा सांगेल, मीठ जास्त खा. ही नुसती कल्पना नाही. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या अपघातानंतर चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं मीठ उचलून संपवलं होतं.

म्हणून हा हिशेब गावात माहीत असायला हवा. थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठू नये म्हणून प्रौढाला पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची गोळी देतात. त्यात सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. तीन ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मी मात्रा, त्याहून लहानाला आणखी कमी. आयोडीनयुक्त मिठात किलोमागे कमीत कमी १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे एका गोळीइतक्या आयोडीनसाठी साडेसहा किलोच्या वर मीठ खावं लागेल. त्याच्या कितीतरी आधी माणूस मिठानेच मरेल. जखमेचं आयोडीन तर पोटात घ्यायचं औषधच नाही. गोळीसुद्धा फक्त आयोडीनपुरती उपयोगी पडते. तिचा पुरेपूर उपयोग होण्याची वेळही किरणोत्सर्गाशी संबंध येण्याच्या आधीचा एक दिवस ते नंतरचे एक-दोन तास एवढीच. ती सांगितल्याशिवाय घ्यायची नसते.

खरा अपघात झाला आणि वाऱ्याने काही आपल्या बाजूला आणलं, तरी ८०-९० किलोमीटरवर पहिली काळजी पळण्याची नसते. ती दुधाची असते. किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसतं, गाईम्हशी ते खातात, आणि दुधातून ते लहान मुलांच्या थायरॉइडपर्यंत पोचतं. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडच्या विंडस्केल भट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर टापूतलं दूध ओतून टाकलं गेलं. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये जे थायरॉइडचे कर्करोग वाढले, त्यांमागे दूध न थांबवणं हे मोठं कारण होतं. या आयोडीनचं अर्धं आयुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, त्यामुळे काही आठवडे दूध आणि ओला चारा सांभाळला तर मोठा धोका टळतो. खानापूर तालुक्यात सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारी किती घरं आहेत, ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. तो निरोप डेअरीच्या काट्यावर पोचला पाहिजे.

आणि वारा. पावसाळ्यात तो समुद्रावरून घाट ओलांडून आत येतो, थंडीत बहुतेक उलट दिशेने जातो. फुकुशिमाच्या वेळी नामिए गावची माणसं वाऱ्याची माहिती न मिळाल्यामुळे त्सुशिमा भागात जाऊन थांबली, आणि किरणोत्सर्गाचा ढग नेमका त्याच दिशेने गेला. कुठे जायचं यापेक्षा आत्ता कुठे जायचं नाही, हे कळणं कधीकधी जास्त मोलाचं असतं.

तीन मसुदे

पिकरिंगच्या कागदांवरून आणि आपल्या रस्त्यांवरून मी तीन निरोप लिहून पाहिले आहेत. गावातल्या जाणत्यांनी ते मोठ्याने वाचून बघावेत आणि जिथे जीभ अडेल तिथे बदलावेत.

पहिला, लांबच्यांसाठी: "कैगा अणुवीज केंद्रात सकाळी ... वाजता बिघाड झाला आहे. हा निरोप खानापूर तालुक्यासाठी आहे. तुमच्या गावाला आत्ता धोका नाही. घर सोडू नका. रामनगर-लोंढा-खानापूर रस्त्यावर गाड्या आणू नका. त्या रस्त्याने माणसं हलवायची आहेत. गोळी, औषध, जादा मीठ काहीही घेऊ नका. काही नवीन नसलं तरी अर्ध्या तासाने पुन्हा निरोप येईल. जिल्हाधिकारी, बेळगाव."

दुसरा, दुधासाठी: "आजपासून गुरं रानात सोडू नका. गोठ्यात झाकून ठेवलेलं सुकं वैरण आणि झाकलेलं पाणी द्या. पुढचा निरोप येईपर्यंत दूध डेअरीला घालू नका, घरात वापरू नका, मुलांना अजिबात देऊ नका. आधीची दूध पावडर चालेल. थांबलेल्या दुधाची नोंद डेअरीत करा." शेवटची ओळ मी मुद्दाम घातली आहे. नुकसानीची नोंद होणार आणि भरपाईचं काहीतरी होणार असा भरवसा नसेल, तर पोटासाठी दूध घालणारा माणूस दूध ओतणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्या ओळीमागे सरकारचा आधीच काढलेला आदेश असायला हवा.

तिसरा, रद्दचा: "कैगाबद्दल ... वाजता आलेला निरोप चुकून गेला होता. कैगात कोणताही बिघाड नाही. कोणालाही काहीही करायचं नाही. रस्त्यावर असाल तर सावकाश घरी परत जा. हा निरोप शेजाऱ्याला सांगा." हा सगळ्यात आधी तयार हवा. तो सोडायला वरच्या सहीची वाट बघावी लागू नये.

फोनवर सगळं सोपवून चालणार नाही. जोयड्याच्या रानात रेंज नसलेल्या वाड्या कितीतरी आहेत, आणि पावसात वीज गेली की आहेत ते टॉवरही बसतात. तिथे वनरक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि देवळातला बॅटरीवर चालणारा भोंगा हीच यंत्रणा. रेडिओ अजून ऐकला जातो. आपल्याकडे धारवाड केंद्राबरोबर सांगली केंद्रही लावलेलं असतं, तेव्हा मजकूर दोन्हीकडे गेला पाहिजे. प्रत्येक वस्तीसाठी एका माणसाचं आणि तो नसेल तर दुसऱ्याचं नाव पंचायतीच्या फळ्यावर लिहिलेलं असावं; पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, बदलले तरी फळा राहतो.

दर दोन वर्षांच्या सरावात बेळगाव जिल्ह्याला निदान निरीक्षक म्हणून खुर्ची मिळावी, आणि सरावाच्या दिवशी तिसरा मसुदा खानापूर-लोंढ्याच्या टॉवरांवरून प्रत्यक्ष सोडून, तो किती मिनिटांत पोचतो हे घड्याळ लावून बघावं. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून दोन्ही डीसी कार्यालयांकडे जाऊ शकते. ठरावासोबत आपल्या गावात कुठल्या राज्याचा टॉवर लागतो, किती घरांत साधा फोन आहे आणि निरोप कुठल्या भाषेत वाचला जातो, एवढी माहिती जोडली तर कार्यालयाला पुढचं काम करणं सोपं जाईल. ती गोळा करायला हायस्कूलची पोरं पुरे आहेत.